दारं शून्य, खिडक्या शून्य

सोमवार, ४ मार्च
आलो एकदाच्या! कचेरीने राहायला दिलेलं घर बघून ताई हरखलीच. लाल विटा, कमानदार खिडक्या, वर जायला लाकडी जिना. तो बघून मात्र तिच्या गुडघ्यांनी हाय खाल्ली. आईच्या माघारी हिनेच मला वाढवलं, तिला मागे एकटी कशी ठेवणार? माझं काम सोपं आहे. या उपनगरातली जुनी, देखणी घरं मोजायची, नकाशे काढायचे, साहेबांच्या नोंदवहीत चढवायची.

गुरुवार, ७ मार्च
पहिलं घर दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. गोल दिवाणखाना, रंगीत काचा, व्हरांड्याला ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब. बाई एकट्याच राहतात. चहा पाजला, खोली न् खोली हौसेने दाखवली. म्हणाल्या, नीट लिही हो, सासऱ्यांनी एकेक वीट पारखून घेतली होती. सात दारं, एकोणीस खिडक्या. संध्याकाळी नोंद करून टाकली.

शनिवार, ९ मार्च
मोजपट्टी बाईंकडेच राहिली होती, म्हणून सकाळी गेले. दार नव्हतं. बंद नव्हे, नव्हतंच. सलग भिंत, तीच जुनी वीट, तोच जुना चुना. खिडक्यांच्या जागीही वीटच. कान लावला तर आतून कुणीतरी भिंतीवर मुठी आपटत होतं. समोरच्या शिंप्याला हाताला धरून आणलं. त्याला काही ऐकू येईना. उलट मलाच म्हणाला, या घराला दार होतंच कधी?

सोमवार, ११ मार्च
साहेबांपुढे रडले, हात जोडले. त्यांनी शांतपणे नोंदवही उघडली. माझंच अक्षर. दारं शून्य, खिडक्या शून्य. मी असं लिहिलं नाही, शपथेवर सांगते! ते म्हणाले, माणसांच्या वावराने घरं झिजतात, टिकवायची तर असंच करावं लागतं. मग सहज सांगावं तसं म्हणाले, तुमचं घरही सकाळीच चढवलंय.
ताई घरात एकटी आहे. धावतेय—

दुपारी
दार गेलं. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी वीतभर उरलीय. कुदळ घातली, विटेवर ओरखडासुद्धा नाही. येणारे-जाणारे बघतात, पुढे जातात. फटीतून ताईचा हात धरून बसलेय. ती विचारते, सकाळपासून काही खाल्लंस का.

साडेचार
चार बोटं फट. ताई म्हणतेय हात काढ, अडकेल. नाही काढणार. डाव्या हाताने लिहितेय, वही मांडीवर—
कुणाला सापडली तर भिंतीला कान लावा. आत माणसं आहेत. डॉक्टरीणबाई आहेत. ताई—
ती माझं एकेक बोट सोडवतेय. नको ना गं. ताई, नको, मी धरलंय, मी तुला