आठ पाकळ्यांची डिश

रविवार, १२ नोव्हेंबर १९९५. सकाळी ६.३०

सूर्याला अर्घ्य दिले. जप झाला. आजपासून ही वही. आमच्या स्टील प्लॅन्टमध्ये प्रत्येक जॉबचे लॉगबुक असते, मग घरच्या जॉबचे का नसावे?

जॉब: गच्चीवर डिश अँटेना बसवणे. स्वतः.

कारण: सिंधुताई. माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, ती सतराची. तिनेच मला वाढवले, शाळेत बसवले. आता ती आमगावजवळ गावी, दिराच्या घरी मागच्या खोलीत एकटीच असते. दिवाळीनंतर मोतीबिंदू काढायला इथे भिलाईला आणले. ऑपरेशन चांगले झाले. पण पाच डिसेंबरची तपासणी झाली की जाईन म्हणते. इथे करमत नाही. टीव्ही हिंदी, शेजार हिंदी, आमची लेक नलूसुद्धा अर्ध्या वाक्यातून हिंदीत जाते.

ताईने आता कायमचे इथेच राहावे. हे तिला तोंडाने विचारण्याची गरज नाही. विचारले तर ती नाहीच म्हणेल, भावाच्या घरी किती दिवस राहायचे म्हणेल. दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावरून येते. ती घरात बोलू लागली की ताईचे मन आपोआप रमेल. केबलवाला मराठी देत नाही, त्याला विचारून झाले.

लागणारा वेळ: दोन रविवार.

त्याच दिवशी, सायंकाळी

बदली झालेल्या एका साहेबाची जुनी डिश टेम्पोत घालून आणली. आठ फुटी, जाळीची. सोबत रिसीव्हर, केबल, पोतेभर नटबोल्ट. जाळीच्या पाकळ्या मोजल्या. आठ. अष्टदल कमळ! याला योगायोग म्हणता येणार नाही.

सौ. कलावती म्हणाली, पावर हाउसच्या बाजारात बाबुलाल म्हणून डिशवाला हाये, त्याले बोलवा ना. मी शांतपणे सांगितले की सव्वीस वर्षे मी क्रेनचे मेंटेनन्स करतो आहे. ती म्हणाली, क्रेनमध्ये टीव्ही दिसते का?

मी नटबोल्ट मोजायला घेतले.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

फाउंडेशनचे ड्रॉइंग काढले. बाहेरचे लोक चार विटा रचून त्यावर डिश ठेवतात आणि मग ती हलते. आमच्याकडे आधी फाउंडेशन, मग मशीन, आणि मग तीस वर्षे तिकडे पाहायचे नाही. दोन फूट बाय दोन फूट काँक्रीट, मधोमध चार इंची पाइप.

शेजारचे देवराव (प्लॅन्टच्या अकाउंट्समध्ये आहेत, लोखंडाशी संबंध फक्त कागदावर) भिंतीवरून ड्रॉइंग पाहून म्हणाले, श्यामराव, डिश बसवून राहिले का ब्लास्ट फर्नेस?

हसणाऱ्यांना वेळ उत्तर देते. दोन रविवारांनी.

रविवार, १९ नोव्हेंबर

काँक्रीट टाकले. आधी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिले. आता सात दिवस क्युरिंग, दिवसातून तीनदा पाणी. ताईने ते काम अंगावर घेतले. म्हणाली, मले पण काही काम दे ना बाप्पा, बसून बसून जीव आंबला.

वेळापत्रकात थोडा फरक. तीन रविवार.

बुधवार, २२ नोव्हेंबर

ड्यूटीवरून आलो तर ताई गच्चीवर. फाउंडेशनला पाणी घालून बाजूला पोते टाकून बसली होती, पुढ्यात तुरीच्या शेंगा. फाउंडेशनवर झेंडूचे फूल. मी म्हणालो, ताई, हा देव नाही. ती म्हणाली, नारळ तूच फोडला ना?

पाकळ्या जोडायला घेतल्या. ताईच्या बोलण्याने कामात व्यत्यय. नव्या चष्म्यातून तिला प्लॅन्टच्या चिमण्या दिसल्या. पंचवीस वर्षे ऐकत होते, आज पाहिल्या, म्हणाली. कोणती कशाची, तू कोणत्या खाली राहतो, सगळे विचारले. मी सांगितले. धूर कोणीकडे वळतो त्यावरून आम्ही वारा ओळखतो, हेही सांगितले. मग ती आईबद्दल बोलली. आई शेंगा सोलताना गुणगुणायची, हे मला माहीत नव्हते.

पाकळी एकच जोडून झाली.

रविवार, २६ नोव्हेंबर

आठही पाकळ्या जोडल्या. अकरा नट उरले. कंपन्या जास्तीचे देतातच.

दिशेचा प्रश्न. हिंदी मासिकातले कात्रण सांगते: तोंड दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला. हे मला पटलेले नाही. दक्षिणेला यमराज. त्या दिशेला तोंड करून आमच्या घरात कोणी घासही घेत नाही. तिथून वाहिनी मागवायची?

सर्व्हे सेक्शनच्या गुलाबरावांकडून होकायंत्र आणले. त्यात बिघाड आहे. मी फाउंडेशनच्या कोणत्याही बाजूला उभा राहिलो तरी सुई पाइपाकडेच पाहते. परत केले. गुलाबरावांना वाईट वाटू नये म्हणून काही बोललो नाही.

शुक्रवार, १ डिसेंबर

विचारांती निर्णय: तोंड पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे. कात्रणात आहेत त्या दोन्ही दिशा त्यात आल्या, फक्त मान कोणाला द्यायचा एवढाच फरक. शिवाय उपग्रह फिरतेच असतात. आज ना उद्या समोर येईलच.

ताई म्हणाली, पण शामा, तुही फॅक्टरी तं दक्षिणेच्या अंगालेच हाये. रोज तिकडंच तोंड करून जातोस, तिकडचंच खातोस. मी म्हणालो, ड्यूटीची गोष्ट वेगळी.

रविवार, ३ डिसेंबर. दुपारी

डिश चढवली. देवराव आणि त्यांचा भाऊ हात लावायला आले. एवढ्या कामाला तिसऱ्या माणसाची गरज नव्हती, पण आले. हलू नये म्हणून पाइपावरची कॉलर वेल्डिंगने टाचून टाकली. आता वादळ आले तरी घर जाईल, डिश राहील.

ट्रायल. नलू खाली टीव्हीपाशी, ताई जिन्यात, मी वर. मी विचारायचे, आला का? ताई खाली विचारायची, नलू ओरडायची, ताई मला वर सांगायची.

पहिला निरोप: मुंग्या हाये नुसत्या.
दुसरा निरोप: मुंग्याच, पण लय बारीक.
तिसरा निरोप, पाऊण तासाने: थोडं थोडं येऊन राहिलं रे शामा, एका बाईचं तोंड दिसलं म्हणते.

यश! चार रविवारांत.

सोमवार, ४ डिसेंबर

आज मुंग्याच.

मंगळवार, ५ डिसेंबर

डॉक्टरांनी तपासले. डोळा उत्तम. परतताना ऑटोत वाटत होते, आता ही गाडीचे विचारणार. तिने विचारले नाही. म्हणाली, डिश लागू दे तुही, मग जाईन. अर्ध्या कामातून उठून जाणं बरं नाही.

म्हणजे तिला ओढ लागली! माझा तर्क बरोबर होता. आता दिरंगाई नको.

रविवार, १० डिसेंबर

दिवसभर गच्चीवर. डिशच्या मधोमध सिग्नल पकडणारा फीड हॉर्न असतो, तो वर, खाली, वर. ताईने तिथेच भाकर आणि वांग्याची भाजी आणून दिली. दोघे डिशच्या सावलीत जेवलो. मी पहिल्यांदा शाळेत गेलो तेव्हा ती दिवसभर खिडकीबाहेर उभी होती म्हणे. मी रडेन म्हणून. मी म्हणालो, मी रडलो नव्हतो. ती म्हणाली, तू नाही रे बाप्पा, मीच रडली.

दुपारी निरोप: आता माणूस दिसला, फेटेवाला.

सायंकाळी नलूला विचारले की फेटेवाला काय बोलत होता. ती म्हणाली, बाबा, कौन फेटेवाला? मैंने तो बोला ही नहीं. आठवडाभरात काही म्हणजे काही आलं नाहीये.

पोरीचे लक्ष नसते.

शनिवार, १६ डिसेंबर

पाच रविवार गेले. प्रकृती थकली. उद्या बाबुलाल येणार आहे. मी बोलावले नाही, कलावतीने परस्पर सांगितले. म्हणाली, तुमचा बीपी वाढून राहिला, अन् त्या पोरीचा अभ्यास. मी विरोध केला नाही. दुसऱ्याचे मतही घ्यावे, प्लॅन्टमध्ये त्याला इन्स्पेक्शन म्हणतात. काम माझेच राहते.

रविवार, १७ डिसेंबर

बाबुलाल आला. पन्नाशीचा, तोंडात पान, हातात एकच पाना. होकायंत्र नाही, कात्रण नाही. गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन त्याने मोहल्ल्यातल्या चार डिशा पाहिल्या. मग माझी पाहिली. म्हणाला, दादा, सब का मुँह चिमनी तरफ है, आपका अकेला उधर काहे रूठ के बैठा है?

माझ्याच छिन्नीने माझे वेल्डिंगचे टाके तोडले. कॉलर फिरवली. जिन्यातून ताईचा आवाज आला नाही, नलूचीच किंकाळी आली. एकूण वेळ: त्याचे पान संपेपर्यंत. फाउंडेशन मात्र मजबूत आहे, असे तो स्वतः म्हणाला. हत्ती बाँध लो, म्हणाला. कॉलरचे दोन बोल्ट कसून तो गेला.

मराठी वाहिनी! स्वच्छ! खाली सगळे बसलो. ताईला अगदी पुढे, खुर्चीवर. तिने हात जोडले. एक बाई मिरचीच्या रोपांबद्दल सांगत होती, मग बातम्या, मग नाटक. ताई नीट बघत होती. म्हणाली, छान हाये. लय झरझर बोलतात बापा, शहराकडचे. तुले समजते का सगळं?

मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. जॉब पूर्ण.

सोमवार, १८ डिसेंबर

ड्यूटीवरून आलो. टीव्हीवर मराठी कीर्तन, समोर खुर्ची रिकामी. ताई गच्चीवरही नव्हती. आत पिशवी भरत होती.

म्हणाली, झालं तुहं काम. बुधवारच्या पॅसेंजरनं जातो आता.

मी म्हणालो, पण चित्र तर स्वच्छ आहे! ती म्हणाली, हो ना, म्हणूनच.

हे मला उमगले नाही. सिग्नलमध्ये दोष नाही. आवाज उत्तम. कलावतीला विचारले. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, तुमाले खरंच समजत नाही का? महिनाभर ती टीव्हीसाठी नव्हती थांबली. आता तुमी टीव्हीसमोर, ती तुमच्या मागं. वर काय काम उरलं तिले? बोला ना एकदा तोंडानं, राहा म्हणा.

उद्या बोलणार. मुद्दे कागदावर काढले. एक: प्रकृती. दोन: गावी एकटेपणा. तीन: पुढे काही सुचले नाही.

मंगळवार, १९ डिसेंबर

ताईशी बोललो. पंधरा मिनिटे. गाडी किती वाजता, डबा कोणता बरा, आमगावला उतरवून घ्यायला दिराचा धोंडबा येईल की नाही, हे सगळे बोलणे झाले. कागद खिशातच होता. मुद्दे काढण्याची योग्य वेळ आली नाही.

ती म्हणाली, अजून काही हाये का, शामा? मी म्हणालो, थंडी आहे, शाल वर ठेव.

बुधवार, २० डिसेंबर. सकाळी ७

अर्घ्य दिले. जप आज मोजला गेला नाही.

नोंद: रात्री जोराचा वारा असावा. डिशची कॉलर ढिली झाली आणि तोंड फिरले. आता बरोबर पूर्वेला आहे. खाली मुंग्या आहेत, पाहून आलो.

मी पाना घेऊन तपासणी करत होतो तेवढ्यात ताई वर आली. प्रवासाचे लुगडे, खांद्यावर शाल. डिशकडे पाहिले. माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिले. मग चष्मा नीट करून चिमण्यांकडे पाहिले. धूर सरळ वर चालला होता, काडीसारखा.

म्हणाली, कावून रे शामा, लय वारा होता का राती?

मी म्हणालो, हो.

तिने पुन्हा धुराकडे पाहिले. म्हणाली, होताच बाप्पा. मलेही आवाज आला.

मग पोते ओढून बसली. म्हणाली, तुह्यानं एकट्यानं नाही होत हे. त्या तुरीच्या शेंगा आण खालून. अन् कलावतीले सांग, डबा नको बांधू.

त्याच दिवशी, सायंकाळी

देवरावांनी भिंतीवरून विचारले, काय श्यामराव, कालपर्यंत तं चालू होती, आज पुन्हा फर्नेस बंद? मी सांगितले, माझ्या फिटिंगमध्येच दोष होता. सव्वीस वर्षांत असे वाक्य मी प्रथमच बोललो. ते बराच वेळ हसले, मग भावालाही बोलावून सांगितले, तोही हसला.

कलावती बाबुलालला पुन्हा बोलवू का असे विचारत नाही, याचे आश्चर्य वाटते.

काम मोठे आहे. सगळ्या पाकळ्या उतरवून पुन्हा जोडाव्या लागतील, अकरा नटांचा हिशेबही लावायचा आहे. ताई म्हणते, घाई करू नको. अंदाजे वेळ: उन्हाळ्यापर्यंत. त्यानंतर पावसाळ्यात गच्चीवर चढता येत नाही.

नलू म्हणते, रात्रभर ती अभ्यासाला जागी होती, बाहेर पानही हलले नाही. तिला गच्चीवरचे काय कळते!