आत्याबाईंनी शोधलेली कोरडी काठी

ती. आत्याबाई,

उद्या दुपारी चावडीत मला आपल्या भुकूम गावच्या बायकांसमोर विजेबद्दल बोलायचंय. आता विहिरी-विहिरींवर मोटारी बसल्या, म्हणून सरपंचांनी बोलावलंय. शाळेत आठवीला हेच शिकवते, तरी आज शब्द सुचेनात. म्हटलं, आधी तुम्हालाच लिहावं. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, पण सासू म्हणून तुमचा धाक अजून आहे हो!

घरात पहिला दिवा लागला, तेव्हा तुम्ही विचारलंत, "सूनबाई, ह्या तारंला आतनं भोक असतंय का गं? न्हाईतर वीज जाती कुटनं?" पाहुण्यांदेखत मी खळखळून हसले. पुढे चार दिवस तुम्ही काही विचारलंच नाहीत. त्या हसण्याची लाज वाटते मला.

मग भातलावणीत मी तुम्हाला खाचरंच दाखवली. वरच्या खाचरातून पाणी खालच्यात उतरतं, तशी वीज. मी विचारलं, दोन्ही एका पातळीत असली तर? "तर पानी हलायचंच न्हाई," तुम्ही लगेच म्हणालात. दाब आणि प्रवाह समजायला मला कॉलेजात महिना लागला होता! वीज तारेतून जाते, लाकडातून जात नाही, हेही तेव्हाच सांगितलं.

दोन वर्षांनी परसातल्या विहिरीवर यांचा, तुमच्या लेकाचा, हात मोटारीच्या पेटीला चिकटला. मी शाळेत होते. माणसं ओढायला धावली, तर तुम्ही ओरडलात, "हात लावू नगा, तुमीबी चिकटाल!" फळीवर उभं राहून काठीनं हात सोडवलात. मी धापा टाकत पोचले, तेव्हा हे चहा पीत बसले होते!

संध्याकाळी मला एकदम आठवलं. "आत्याबाई, ओल्या लाकडातून वीज जाते, हे सांगायचं मी विसरलेच होते!"

तुम्ही भाकरी थापत होतात. "ठावं हाय मला. पावसात विजेच्या वल्या लाकडी खांबाला हात लागला, तवा मुंग्या आल्या व्हत्या. हिरीवरची काठी भिजल्याली व्हती, म्हनून गोठ्यातनं कोरडी काठी नि फळी आनली."

कुठल्या पुस्तकात वाचलं होतंत हे? आणि गावभर सांगत सुटलात, "माझ्या सुनंनं वाचवला त्याला!" का हो असं? मला एकदाही खोडून काढू दिलं नाहीत.

हे ठणठणीत आहेत. आत्ता ओसरीवर रेडिओ ऐकतायत. घर सुखात आहे, आत्याबाई.

उद्या मी बायकांना खरं काय ते सांगणार. ओल्या लाकडाचं मी विसरले होते, ते तुम्ही स्वतःच्या डोक्यानं ओळखलंत. तुमचं नाव मोठ्यानं घेऊन सांगेन, रागावलात तरी चालेल!

तुमची सून,
शालन