दोन्ही बाजू सुलट

शनिवार, संध्याकाळ

मुक्ताने आज गळ्यातला स्कार्फ दाखवला. गोल सुईवर नळीसारखा विणलेला, जाळीची नक्षी, दोन्ही बाजू सुलट. मला अजून जमलेला नाही.

"मीच विणला. शेजारच्या रेहानाकाकूंनी शिकवलं."

म्हणजे तुळशीबागेतून लोकर आणली, रोज तिकडे बसली, आणि मला पत्ता नाही. ही पोटात होती तेव्हाही मी विणत होते. रेहाना चांगली आहे, हे तर जास्तच टोचतं.

न राहवून विचारलं, "माझ्याकडे का नाही शिकलीस?"

"आई, तू चुकलं की सगळं उसवायला लावतेस. त्या हसतात आणि पुढे विण म्हणतात."

दोन्ही बाजू सुलट. उलटून पाहिलं. एका जागी जाळी चुकली होती. ओठांवर आलेलं गिळलं. "सुंदर झालाय," म्हणाले.

रेहानावरचा राग मात्र गेलेला नाही.