वरचं नाव

मल्लवी, २० फेब्रुवारी १९९१

चि. सौ. फेब्रोनियास,
प्रभूची शांती आणि ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईचं कंबरेचं हाड सांधलं, काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. डोळे मात्र गेल्यात जमा. तरी उपासाची मसूर तिलाच निवडायची असते, बोटांनी चाचपून. एक खडा सुटत नाही.

आईला कायमची तुझ्या घरी इस्कंदरियाला नेते, असं तू लिहितेस. लिफ्ट आहे, डॉक्टर समोर आहेत, समुद्राची हवा आहे. असेल बाई. पण तीस वर्षं तू सणाला यायचीस आणि टोपलीभर खजूर घेऊन परत जायचीस. शाळेत दिवसभर भूगोल शिकवून घरी आल्यावर आईची अंघोळ, औषधं, चिडचिड मी पाहिली. तरी दर रविवारी प्रार्थनेत घ्यायच्या नावांची चिठ्ठी चर्चमध्ये पाद्री अबूनांना द्यायची असते, तेव्हा आई मला सांगते की वर फेब्रोनिया लिही, खाली तुझं. तीस वर्षं मी स्वतःच्या हाताने तुझं नाव माझ्या डोक्यावर बसवते आहे. कधी बोलले नव्हते. आज बोलते.

आईला विचारलं, तर म्हणते की पोरींनो, मला दोघींत वाटून घेऊ नका, देव ठेवील तिथे राहीन. मग अबूना बीमेन म्हणाले की वेदीवर चिठ्ठ्या ठेवू. पद्धत तुला ठाऊक आहे. एकीवर मल्लवी, एकीवर इस्कंदरिया, तिसरी कोरी. कोरी निघाली तर देवाला घाई नाही, थांबायचं. तीन दिवस चिठ्ठ्या वेदीवर राहतील आणि रविवारी अबूना एक उचलतील. आज दुपारीच मी बाबांच्या त्या करकरणाऱ्या टाकाने त्या लिहिल्या, आई शेजारी मसूर निवडत असताना. निकाल दोघींनी मुकाट्याने मानायचा. तुला कबूल आहे असं धरते.

मुलांना आशीर्वाद.
तुझी ताई,
इन्साफ

ता. क. (२४ फेब्रुवारी) पत्र टाकायचं राहिलं होतं. मल्लवी निघालं. देवाची इच्छा.


इस्कंदरिया, ६ मार्च १९९१

ती. ताईस,
फेब्रोनियाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी स्वयंपाकघराचं दार लावून रडले. मग रागावले. आमच्या ह्यांना, नसीफना, म्हणाले की ताईला लहानपणापासून कधी काही वाटून घेता आलं नाही, आता चिठ्ठीसुद्धा तिच्याच बाजूची. ते म्हणाले की अगं, चिठ्ठी ताईंनी कुठे काढली?

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना म्हणताना 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे अडले. पुढे जाताच येईना. जन्मभर म्हणत आले, पण त्यासाठी हातातलं काही सोडावं लागलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं. आईच्या खोलीचे नवे पडदे काढले. तिच्यासाठी आणलेला पलंग तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या विधवेला दिला. ती बिचारी चटईवर झोपत होती. आता मन हलकं आहे.

एक मीही आज बोलते. आईची बोटं मसुरीत फिरताना तुला रोज दिसतात. याचा मला फार हेवा वाटायचा. तोही देवाच्या पायाशी ठेवला आहे, बघू किती दिवस तिथे राहतो! आईसाठी लोकरी शाल पाठवते. तिच्या खांद्यावर तूच घाल.

आहे ती माया कमी करू नकोस.
तुझी,
फेबी


मल्लवी, १७ मार्च १९९१

फेब्रोनियास,

पत्र आईला वाचून दाखवलं. पलंगाची ओळ मी दोनदा वाचली.

मला तुझा हेवा वाटला. पडद्यांचा नाही, शालीचा नाही. आयुष्यभर सगळे उपास मी पाळले, पहाटेची उपासना मी चुकवली नाही, आणि देवाच्या हाती सोडून देणं मात्र तुला जमलं. तेही माझ्या खोटेपणावर विसंबून. कारण फेबी, इस्कंदरिया लिहिलेली चिठ्ठी नव्हतीच. कोरीही नव्हती. तिन्हींवर मल्लवी होतं.

अबूनांपाशी कबूल केलं. ते म्हणाले की बहिणीला लिहिल्याशिवाय प्रभुभोजनाला पुढे येऊ नकोस.

घरी येऊन आईला सांगितलं. मसूर निवडणारे तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाली की मला त्याच दिवशी कळलं होतं. मला वाचता येत नसलं तरी ऐकू येतं. मल्लवी एवढंसं, इस्कंदरिया हे लांबलचक, आणि टाक मात्र तीनदा सारखाच करकरला. आणि कोऱ्या चिठ्ठीला करकर कशाची, मास्तरीणबाई? मी विचारलं की मग बोलली का नाहीस. तर म्हणाली की देवाने ठेवलं असेल तर राहीन, आणि तू ठेवलं असशील तर तो तुला स्वस्थ बसू देणार नाही. मी मध्ये कशाला लुडबुडू?

पुन्हा चिठ्ठ्या नकोत. माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही. नसीफना पाठव, सणाच्या आत आईला घेऊन जा. पलंग परत मागून घे.

लोभ ठेव असं लिहायला तोंड नाही. तरी ठेव.
इन्साफ


इस्कंदरिया, १५ एप्रिल १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ते पत्र मी चार दिवस ताटाखाली उलटं घालून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी नसीफना तिकीट काढायला सांगितलं. क्षमा केली असं लिहीत नाही, फार मोठा शब्द होईल. करते आहे, रोज थोडी थोडी.

आई सुखरूप आहे. पलंग परत मागायची लाज वाटली, म्हणून आई माझ्या पलंगावर आणि आम्ही दोघं बैठकीत. समुद्राची हवा तिला ओलसर लागते. लिफ्टमध्ये डोळे मिटून देवाचा धावा करते. आणि मोठी तक्रार मसुरीची. इथली पाकिटातली, निवडलेली. म्हणते की यात खडेच नाहीत, मी दिवसभर करू काय? तेव्हा तिथल्या दुकानातली खडेवाली चार किलो पाठव.

सामानात तू बाबांचा टाक ठेवलास. पाहून गलबलले. काल त्यानेच नावांची चिठ्ठी लिहायला बसले. आई म्हणाली की वर इन्साफ लिही, खाली तुझं. मी म्हटलं की आई, वर तर नेहमी माझं असायचं ना? ती म्हणाली की जी जवळ असते तिच्यासाठी माझे हात आहेत, जी लांब असते तिच्यासाठी देवाला आधी सांगावं लागतं. एवढं साधं तुम्हा शिकलेल्या पोरींना कळू नये?

ताई, तुझं नाव मी वर लिहिलं. पण तुझ्यापासून लपवत नाही, लिहिण्याआधी टाक क्षणभर थांबला.

आणि आईने मान वर केली. तिला ऐकू आलं होतं.

मसूर विसरू नकोस. आणि स्वतः घेऊन ये.
तुझी,
फेबी