परत आलेला नारळ

२९ नोव्हेंबर २०२४

नारळ परत आला!

विहिरीवरच्या माडाचा, शेंडी राखून सोललेला. आजोबांच्याही आधीपासून जत्रेला आमच्या घरचा नारळ देवळात जातो. घर ख्रिस्ती झाले तरी मान राहिला, देवापुढे एकेका घराचे नाव घेऊन मागणे मागतात त्या गाऱ्हाण्यात आमच्या घराचे नावही राहिले. गाऱ्हाणे घालतो परशुराम — माझा पन्नास वर्षांपासूनचा दोस्त. एकेक घर घेत आमच्यापाशी आला, थांबला, माझ्याकडे बघितले — आणि पुढचे घर घेतले. लोक ओरडले, "व्हय महाराजा!" सवयीने मीही ओरडलो. आपलेच नाव गाळल्यावर होकार देणारा असा गाढव दुसरा नसेल!

देवळाच्या कमिटीतल्या एकाने नारळ पिशवीसकट हातात दिला. "काका, राग मानू नकात. नियम झालो आसा, ख्रिस्तांवांचो नारळ घेवचो नाय."

३० नोव्हेंबर

खाडीवरच्या मोरीच्या कठड्यावर परशुरामाबरोबर बसायला गेलो नाही. संध्याकाळी पाय आपोआप निघाले होते. फाटकातून परत आणले.

२ डिसेंबर

काय काय वाद घातले त्या मोरीवर! मी सातवी पास, तो नववी नापास — आणि विषय काय, तर माणूस आणि देव एक की दोन! खाली खाडी. तो म्हणायचा, "जासिंतो, खारा पाणी खंय संपता नि गोडा खंय सुरू होता, दाखय माका! तसोच देव नि माणूस. मधी रेघ नाय. तू तोच, मी तोच."

मी म्हणायचो, "अरे, नदी आपसूक खारी होता काय? समुद्र वर चढता म्हणान होता. भरती ही त्याची दया. तो माझ्यात येता, मी त्याच्यात रवतंय — पण मी म्हणजे तो न्हय!"

"मगे ओहोटीक तू कोण?" — हसून हसून दोघांची मोरीवरून पडायची पाळी.

कधी कधी मला त्याचेच जास्त पटायचे. माझ्या देवाच्या घराला दार होते, त्याच्या देवाच्या घराला भिंतच नव्हती. पाद्रींना हे कधी बोललो नाही.

आता कळले. भिंत नसलेल्या घरातूनही माणसाला बाहेर काढता येते!

४ डिसेंबर

परशुराम आला. फाटकातूनच हाक — "जासिंतो, आसस मा?" खिडकीतून बघितले. केवढा वाकलाय! उघडले नाही.

"नाव तोंडात इलेला रे. कमिटीवाले माझ्याकडेच बघी होते. आवाज फुटाक नाय."

मी आतून म्हटले, "तू देव मा रे? मगे देव कमिटीक भियालो?"

चपला वाजत गेल्या.

काय नेमका टोला बसला! — जेवताना मात्र घास तोंडात नुसता फिरत राहिला. पिएदाद ताट उचलताना म्हणाली, "तुका बोचता तेवढाच तुका आठवता." आणखी काय आठवायचे, ते मी बायकोला विचारले नाही.

६ डिसेंबर

नारळ ओटीवर तसाच. दिसू नये म्हणून टोपली पालथी घातली. आता टोपली दिसते.

८ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये मिस्सा. ओस्ती, प्रसादाची ती पवित्र भाकर, घ्यायला रांगेत उभा. ख्रिस्ताचे शरीर — तो आपल्यात, आपण त्याच्यात. तळहात पुढे केला आणि तो माझा वाटेना.

आमच्या लेकीचे, ग्लिनिसचे, लग्न आठवले. हीच रांग. आनंदाच्या भरात परशुराम माझ्या मागे येऊन उभा — नवा सदरा, तळहात असाच उघडा. मी त्याचे कोपर धरून बाजूला ओढले. "तुका नाय ता." "बरा," म्हणाला. शेवटच्या बाकावर जाऊन बसला. नंतर माझ्याच मांडवात शेवटची पंगत उठेपर्यंत वाढत होता.

बाप्तिस्मा नसलेल्याला ओस्ती नाही, असा नियम होता. मी केलेला नव्हता. पण कमिटीवाल्याने मला निदान काका तरी म्हटले, राग मानू नका म्हटले. मी तेवढेही म्हटले नव्हते.

काही न घेता रांगेतून बाहेर आलो. त्याच्या फाटकाशी जाऊन हाक मारली — "परशुराम, आसस मा?"

आत चपला वाजल्या. मग थांबल्या.