बिब्ब्याचं तेल मी ओतून दिलं

रायभानचे बाबा,

मी बहिणीच्या, नंदाच्या बाळंतपणाला जाफराबादला चालले. भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात. तोंडावर बोलायला लाज वाटती, म्हणून लिहून राह्यले.

काल तुम्ही शेवटी सांगितलं, की तिथं, लघवीच्या जागी, गाठ धरून वाकडं झालंय, दुखतंय, म्हणून पोळ्यापासून गोठ्यात निजता. मी समजून बसल्ते की तुमचं मन दुसरीकडं लागलं. मनात काय काय शिव्या घातल्या, ते सांगत न्हाई.

वैदूनं दिलेलं बिब्ब्याचं तेल मी उकिरड्यावर ओतलं. आधीच दुखणं, त्यात कातडी जाळून घ्यायची का? जालन्याचे डॉक्टर म्हणले ना, चाकू लावायचा न्हाई, गोळ्या घ्या, कोमट शेक द्या, दुखणं उतरंल, वाकडेपणाचं सांगता येत न्हाई. मंग बराबर तेवढंच करा. शेकायचं फडकं धुऊन दांडीवर टाकलंय. तुमच्या आईनं विचारलं तर कंबर धरली म्हणा, अन् ही चिठ्ठी चुलीत घाला.

तुमची बाज मी घरात आणून माझ्या बाजेजवळ टाकली. बरं होवो न होवो, मी परत येईन तव्हा गोठ्यात फक्त बैल दिसले पाह्यजेत.

गोपिका