आबो खिंडीत कोणी पडलं नाही

मात्सुमोतो,
मंगळवार, ३ ऑक्टोबर २००६

प्रिय जुई,

अनेक आशीर्वाद. तू आणि आशू मजेत असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. हे पत्र तुझ्या पत्त्यावर पाठवत नाही, कारण टपालपेटीची किल्ली तुझ्या नवऱ्याच्या, शशांकच्या जुडग्यात असते. आशूच्या शाळेजवळ राहणाऱ्या ज्योत्स्नावहिनींकडे स्पीड पोस्टाने पाठवतोय. उद्या आशूला आणायला येशील तेव्हा त्या शाळेच्या फाटकाशी तुझ्या हातात देतील. तिथेच वाच, घरी नेऊ नकोस.

शशांकची तब्येत फोनवर सांगितली तशीच आहे. उजव्या खांद्याचं हाड मोडलंय, दोन बरगड्यांना चीर आहे, ओठाला चार टाके. जिवाला धोका नाही. गुरुवारी सोडणार आहेत. मी ऑफिसातून आठवड्याची रजा घेतली आणि हॉस्पिटलजवळच्या एका घरगुती लॉजवर राहिलोय. लॉजच्या मालकीणबाई सकाळी भाताबरोबर मासा वाढतात आणि मी तो गुपचूप खातो. आईला कळवू नकोस.

आम्ही दोघं सायकलींवर गेलो तो रस्ता तू पाहायला हवा होतास. डोंगराच्या पोटातून बोगदा काढल्यापासून आबो खिंडीचा जुना घाट ओस पडलाय. ट्रक, बस, टुरिस्ट सगळे बोगद्यातून जातात. बोगद्यात सायकलला बंदी, म्हणून वरचा घाट आमच्यासारख्या खुळ्यांना आंदण. शनिवारी दोन तासांत एक मोटार भेटली असेल. पानं पिवळी व्हायला लागली होती आणि एका वळणावर होताका पर्वताचे सुळके असे समोर आले की मी पाय टेकून उभाच राहिलो. शांतता इतकी की चेनला तेल कमी पडलंय हेही ऐकू येतं. अस्वलं बिचकू नयेत म्हणून इथले लोक हँडलला घंटी बांधतात. आम्ही बांधली नव्हती.

बघ, बोलायचं एक आणि सांगतोय रस्ता. तू म्हणतेसच, दादाच्या पोटात दुखलं तरी तो आधी टायरची हवा तपासेल.

जूनपासून सुरू करतो. तेव्हा मी तुमच्याकडे जेवायला आलो होतो आणि तुझ्या गालाचं हाड निळं पडलं होतं. "अरे, स्टेशनजवळ सायकलवरून पडले." वर्षात तिसऱ्यांदा. जेवणानंतर तुझा ब्रेक नीट करायला मी खाली उतरलो. ती पुढे टोपलीवाली, मागे आशूच्या सीटची सायकल मी दहा मिनिटं उलटीपालटी केली. टोपली वाकलेली नाही, पेडलला ओरखडा नाही, हँडलच्या रबरावर खरचटलेलं नाही. जुई, मी पंचवीस वर्षं सायकली खोलतोय. पडलेली सायकल मला कळते.

आशू शेजारी उभी होती. तिने मला जपानीत सांगितलं, "आई कोरोंदेनाई." आई पडली नाही. तेवढं जपानी मला येतं. मी तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणालो, "चल, आईस्क्रीम आणू." आणि आणलं. पुढे चार महिने मी एक शब्द बोललो नाही. शशांकने मला या नोकरीत चिकटवलं, माझा व्हिसा, माझं पहिलं घर त्याच्या ओळखीने झालं, सुरुवातीचे चार महिने मी तुमच्याच घरात तुझ्या हातची आमटी ओरपली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हणत होतो. मूठ कुणावर उगारलेली होती हे मला ठाऊक होतं.

शनिवारी खिंडीच्या माथ्यावर आम्ही भाताचे गोळे खायला बसलो. शशांक खुशीत होता. मी सहज म्हणालो, जुईला आशूच्या शाळेच्या ऑफिसात पार्टटाइम काम मिळतंय तर करू दे की. तो हसला. म्हणाला, "अंबरीष, तू सायकलवाला, तुला काय सांगायचं? बायको आणि चेन सारखीच. अधूनमधून घट्ट करावी लागते. नाहीतर उतरते."

आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. म्हणजे मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. मी आपल्यातलाच, असं त्याने धरलं होतं.

माझ्या फ्रेमला लांब पंप असतो. तो कधी काढला मला आठवत नाही. पहिला फटका खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. तो "अरे, अरे" म्हणत राहिला. दुसरा तोंडावर. मग तो आडवा झाला आणि मी लाथा घातल्या, सायकलच्या बुटांनी, ज्यांच्या तळाला लोखंड असतं. तो हात जोडायला बघत होता, एकच हात वर येत होता. "जुईची शपथ," म्हणाला. तुझं नाव ऐकून मी आणखी मारलं. त्याची सायकल उचलून खाली बांबूच्या रानात भिरकावली. ओरडायला तो होता, ऐकायला कोणी नव्हतं. ज्या शांततेसाठी मी त्या रस्त्यावर जातो, तिचा मला असा उपयोग झाला.

मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं, अंगभर. हे तुला माहीत असावं.

मग घंटी ऐकू आली. सत्तरीचा एक म्हातारा सायकलवर हळूहळू वर येत होता. त्याने रक्त पाहिलं, मला पाहिलं, पंप पाहिला. "काय झालं?" शशांकने फुटक्या ओठांनी सांगितलं, "कोरोंदा." पडलो. आणि मी मान डोलावली. तो खाली जाऊन अँब्युलन्स घेऊन आला. हॉस्पिटलच्या कागदावर तेच लिहिलं गेलं.

काल शशांकला नीट बोलता यायला लागलं. त्याने मला खाटेजवळ बोलावलं. "मी पडलो. जुईही पडते. आपण दोघांनी कधी काही पाहिलं नाही. तुझी नोकरी शाबूत, माझं घर शाबूत." आणि डावा हात पुढे केला. मी तो हातात घेतला, जुई. घेतला. लॉजवर आलो आणि तोच हात साबणाने दोनदा धुतला.

धुताना समोरच्या आरशात पाहिलं आणि तुझी भुवई आठवली. डावी. सांगलीला तू नऊ वर्षांची, मी चौदाचा, न विचारता तू माझी नवी सायकल गल्लीत फिरवलीस आणि मी तुला पंप फेकून मारला. रक्त डोळ्यात गेलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर मी तुला काय म्हणालो ते तू विसरली नसशील. "पडले म्हण. आठवडाभर सायकल देतो." तू म्हणालीस. तीन टाके पडले आणि तू रडलीही नाहीस. बाबांनी तुलाच दटावलं, जपून चालवत जा म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तुला पहिला मी दिला, आणि तोंड कसं दाबायचं तेही मीच शिकवलं.

म्हणून ऐक. हे पत्र टाकून मी स्टेशनसमोरच्या पोलीस चौकीत जातोय. शनिवारी आबो खिंडीत कोणी पडलं नाही, मी पंपाने मारलं, असं सांगणार. पंप बरोबर घेतलाय. का मारलं हे विचारतील, तेही सांगेन. मला ठेवून घेतील, नोकरी जाईल, कदाचित मायदेशी धाडतील. तुझ्यावर उपकार म्हणून करत नाही. तो हात हातात घेऊन मला जगता येणार नाही.

पण त्यामुळे गुरुवारी मी तुझ्या दाराशी नसेन. म्हणून उद्याच, शाळेतून परस्पर, आशूला घेऊन ज्योत्स्नावहिनींकडे राहायला जा. त्यांना मी सगळं सांगितलंय. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "भावजी, एवढा उशीर का केलात?" पासपोर्ट घ्यायला घरी जायचं तर त्यांना सोबत घेऊन जा, शशांक यायच्या आत. पुढे केव्हातरी तुलाही पोलीस विचारतील, गालाला काय झालं होतं. काय सांगायचं ते तुझं तू ठरव. माझ्या वतीने आता काही लपवायचं नाही.

माझी सायकल लॉजवर ठेवलीय. पाठवायची व्यवस्था केली आहे. आशूचे पाय पोचायला लागले की तिला दे. आणि तिने ती न विचारता कुणालाही फिरवायला दिली, तरी तिला काही बोलू नकोस.

तुझ्या भुवईवर हात फिरवून,
ज्याने तुला "पडले म्हण" शिकवलं, तो
दादा